बाईंची जांभई, संदर्भासहित

बाईंनी वरचा सूर लावायला तोंड उघडलं आणि पहिल्या रांगेतल्या चौघींनी एकदम जांभई दिली.

गायनवर्गात जांभई काही नवी नाही. शाळेतून परस्पर आलेल्या मुली पेंगतात, एखादी भिंतीला टेकून चक्क घोरते. पण ही जांभई शिस्तीत आली होती. बाईंनी सूर सोडला, मुलींची तोंडं मिटली. बाईंनी पुन्हा सूर धरला, चौघींचे जबडे पुन्हा एकत्र उघडले. साधी सरगम कधी एका वेळी न म्हणणाऱ्या ह्या चौघी जांभईला मात्र अचूक जुळल्या होत्या.

"दुपारी झोपत नाही का गं तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"झोपतो, बाई," त्यातली धीट मुलगी म्हणाली. "पण तुम्ही तोंड उघडलं की येतेच. आमच्या बाबांना तर गादीच्या जाहिरातीत तुम्हाला बघूनसुद्धा येते."

"कुठल्या गादीच्या?"

मुलीला न्यायला आलेल्या आईने ओशाळत आपला फोन पुढे केला. एक पांढरीशुभ्र गादी आणि तिच्यावर बाईंचा चेहरा. डोळे घट्ट मिटलेले, तोंड आ वासलेलं, उजवा हात तोंडाशी आलेला. खाली ठळक अक्षरांत, ‘इतकी झोप येत असेल, तर गादी आमचीच हवी.’ त्याखाली लोकांनी आपापली भर घातली होती. कुणी लिहिलं होतं, ‘साहेबांचं भाषण सुरू झाल्यावर मी.’ कुणी लिहिलं होतं, ‘माझ्या माहेरचं कौतुक ऐकताना आमच्या सासूबाई.’ त्या सासूबाईंना पसंतीचे अंगठे तर विचारूच नका.

"आम्हाला वाटलं तुम्हाला विचारूनच छापलंय," ती आई म्हणाली. "बाई मॉडेलिंगही करतात, असं मी सगळ्यांना सांगून बसले."

फोटोच्या कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत काहीतरी होतं. बाईंनी चष्मा पुसून वाचलं: ‘छायाचित्र: मीटरसाहेब, लोककोशावरून साभार.’

मीटरसाहेब म्हणजे बाईंचे यजमान. त्यांची हयात पाणीपुरवठा खात्यात लोकांचे मीटर तपासण्यात गेली. ‘महिनाभर नळाला थेंब नाही हो,’ म्हणून कुणी डोळ्यांत पाणी आणलं तरी मीटरसाहेब शांतपणे म्हणत, ‘मीटर तसं म्हणत नाही.’ माणूस खोटं बोलतो, काटा बोलत नाही, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी जन्मभर सांभाळलं. निवृत्तीनंतर असा माणूस घरात बसला तर भाजीच्या मिठावरूनही वाद घालतो. पण त्यांना लोककोश सापडला आणि बाई सुटल्या.

लोककोश म्हणजे कुणीही लिहावं आणि कुणीही खोडावं, असा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. तिथे पगार नाही, साहेब नाही, पण छापील संदर्भाशिवाय पानही हलत नाही. मीटरसाहेबांना ते सासर-माहेर दोन्ही वाटलं. ते तिथे फोटो चढवू लागले. दाराची कडी, गटाराचं झाकण, अर्धा सोललेला कांदा, गंजलेला खिळा. घरातली वस्तू दोन दिवस एका जागी राहिली की तिचा फोटो लोककोशात गेलाच म्हणून समजा. आणि तिथला फोटो कुणीही, कशासाठीही, फुकट वापरावा. फक्त काढणाऱ्याचं नाव द्यावं, असा नियम. फोटोत जी असेल तिला काय वाटेल, ह्याचा नियम काही बाईंना कुणी सांगितला नव्हता.

घरी आल्या आल्या बाईंनी ती जाहिरात नवऱ्यापुढे धरली. "अहो, हे काय आहे?"

मीटरसाहेबांचा चेहरा उजळला. "अरे वा, गादीवाल्यांनीही घेतला का? अगं, हा माझा सगळ्यात गाजलेला फोटो. लोककोशातल्या ‘जांभई’ ह्या लेखाचा मुख्य फोटो आहे तो. कितीतरी भाषांनी उचलला. तुझ्याइतकी स्वच्छ जांभई कुठे मिळतच नाही."

"ती जांभई नाही."

"मग काय आहे?"

"मी गात होते."

मीटरसाहेबांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. "कधी?"

"तुमच्या निरोप समारंभाला. तुम्हीच सगळ्यांसमोर म्हणालात, अगं, काहीतरी म्हण. मी उभी राहिले आणि म्हटलं. तुम्ही समोर कॅमेरा घेऊन उभे होतात. मला वाटलं..."

काय वाटलं ते बाईंनी सांगितलं नाही. त्यांना त्या दिवशी वाटलं होतं, की गाताना आपला फोटो काढतोय त्या अर्थी माणसाला गाणं आवडलंय. ते वाटणं त्यांनी इतके दिवस जपलं होतं. ज्या तोंडातून घरात रोज सकाळी सूर निघतो, ते तोंड ह्या माणसाला जांभईचं वाटलं होतं. गादीवाल्यांचा बाईंना राग आला होता. नवऱ्याचं मात्र दुःख झालं.

"मग बदलून टाकतो की," मीटरसाहेब म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. "फोटो माझा आहे, चूकही माझीच आहे."

त्यांनी तिथल्या तिथे ‘जांभई’तून फोटो काढला आणि त्याचं नाव ‘गाणारी स्त्री’ केलं. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत फोटो पुन्हा जागेवर. लोककोशात प्रत्येक लेखामागे चर्चेचं एक पान असतं, आणि तिथे वाद घालून खरं काय ते ठरतं. त्या पानावर ‘दक्षप्रहरी’ नावाचे कुणी सदस्य हजर झाले होते.

‘मुख्य फोटो का हटवला?’ दक्षप्रहरींनी लिहिलं होतं.

‘ती जांभई नसून गाणं आहे. फोटो मीच काढला आहे.’

‘तेव्हा तुम्हीच जांभई लिहिलं होतं. आता मत कशाने बदललं?’

‘फोटोतली व्यक्ती तसं सांगते.’

‘ती व्यक्ती तुमची कोण?’

‘पत्नी.’

‘म्हणजे हितसंबंध आले. शिवाय स्वतःच्या तोंडाबद्दल स्वतःच दिलेली माहिती ग्राह्य धरता येत नाही. छापील संदर्भ द्या.’

पाठोपाठ ‘निद्रापंडित’ नावाचे दुसरे सदस्य एक शोधनिबंध घेऊनच आले. झोपेवर संशोधन करणाऱ्या कुठल्याशा विद्वानांनी लोककोशावरून हाच फोटो उचलून शेकडो लोकांना दाखवला होता, आणि बहुतेकांना तो बघून जांभई आली होती. निबंध रीतसर छापलेला होता. ‘गाण्याचा फोटो बघून इतक्यांना जांभई येईल का?’ निद्रापंडितांनी विचारलं होतं. त्याखाली एक अनामिक म्हणत होता, ‘गाणं कसं आहे त्यावर आहे.’

बाई खांद्यावरून वाचत होत्या. "अहो, पण गळा माझा आहे ना?"

"गळा तुझा आहे," मीटरसाहेब म्हणाले, "पण संदर्भ त्यांच्याकडे आहे."

हे त्यांनी अगदी सरळपणे सांगितलं. नळाला पाणी नाही म्हणून रडणाऱ्या बायकांना काय वाटत असेल, ते बाईंना त्या क्षणी कळलं.

मग दृष्ट लागावी तशी वर्गाची गळती सुरू झाली. आज हिची परीक्षा, उद्या तिचा घसा. एका वडिलांनी तर तोंडावरच सांगितलं, "बाई, तुमच्याबद्दल आदर आहे. पण पोरगी घरी रियाजाला बसते आणि तुमची आठवण काढून झोपते." गावाकडून नणंदेचा फोन आला. "वहिनी, राग मानू नकोस हं, पण माझा नातू तुझ्या फोटोशिवाय झोपत नाही बघ. देव तुझं भलं करो." घरचं झालं थोडं म्हणतात, ते हेच.

सगळी भिस्त आता व्यापारी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यावर होती. दर वर्षी तिथे बाईंच्या मुलींचं समूहगान व्हायचं, ते ऐकून लोक आपल्या मुली वर्गाला घालायचे, आणि वर्ष निघायचं. यंदाही बाई मंडळाच्या कचेरीत गेल्या. सचिव नेहमीप्रमाणे अदबीने उठून उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी चकचकीत बुटांचा एक तरुण बसला होता तो बसूनच राहिला. मेळाव्याचा खर्च ह्या वर्षी गादीवाल्यांनी उचलला होता, आणि हा त्यांचा प्रसिद्धी सल्लागार होता.

"मॅडम, गाणं काय, कुणीही म्हणतं," सल्लागार म्हणाला. "जांभई तुमची आहे. स्टेजवर आपण गादी ठेवू, तुम्ही या, फक्त एक जांभई द्या. अख्खं सभागृह जांभई देईल. त्याचा व्हिडिओ जगभर जाईल. ह्याला ब्रँड म्हणतात."

"आणि मुलींचं गाणं?"

"वेळेअभावी," सल्लागार म्हणाला, आणि वाक्य पुरं करायची त्याला गरज वाटली नाही.

बाईंनी सचिवांकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही मुली बाईंकडेच शिकल्या होत्या. सचिव टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवू लागले. "बाई, तुम्ही गाता हे मला का माहीत नाही? पण कुणीही पाहुणा आला की मंडळ आधी लोककोश बघतं. तिथे तुम्ही जांभई आहात. मेळाव्याच्या आधी तिथे तेवढं गाणं करून आणा, मी समूहगान पत्रिकेत घालतो. मग गादीवाल्यांचंही ऐकणार नाही."

झालं. गाणं येतं की नाही हे आता गळ्यावर नव्हतं, दक्षप्रहरींवर होतं.

छापील संदर्भ हवा, तर तो शोधू, असं म्हणून बाई पाणीपुरवठा खात्यात गेल्या. निरोप समारंभाला सारं खातं हजर होतं. मुख्य लेखापालांना तो दिवस लख्ख आठवत होता. "केक होता," ते म्हणाले. "वरून चॉकलेट, मधे क्रीम. मला कडेचा तुकडा आला होता."

"मी गायले होते."

"गायला असणार," लेखापाल समजूत काढल्यासारखे म्हणाले.

मोठे साहेब त्याहून पुढचे. "वहिनी, तुमच्या भाषणाने आम्ही भारावून गेलो होतो."

"भाषण नाही, गाणं होतं."

"तेच ते."

खात्याच्या मासिकात समारंभाचा वृत्तांत आला होता हे खरं. बाईंनी तो उभ्या उभ्या वाचला. केकचा उल्लेख होता, पंख्यांची व्यवस्था चोख असल्याचा उल्लेख होता, आणि शेवटी एक ओळ, ‘सौभाग्यवतींनीही दोन शब्द सांगितले.’ खोलीभर माणसं बसली होती आणि एकाच्याही कानात एक सूर उरला नव्हता. घरी परतताना बाईंना वाटून गेलं, कोण जाणे, दिली असेल मी जांभई.

इकडे चर्चेच्या पानावर दक्षप्रहरी थोडे मवाळ झाले होते. ‘बरं, गाणं धरून चालू,’ त्यांनी लिहिलं. ‘गाणं कोणतं? समोर उभं राहून फोटो काढणाऱ्याला एवढं तरी ठाऊक असेल. बोल सांगा, बाकीचं आम्ही तपासतो.’

बाई स्वयंपाकघरात ताटं पुसत होत्या. मीटरसाहेब दाराशी येऊन उभे राहिले, आत गेले, परत आले. "अगं, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"त्या दिवशी तू काय म्हणत होतीस?"

बाईंचा हात थांबला. "तुम्ही समोर होतात ना?"

"होतो."

"हाताच्या अंतरावर होतात."

"मी उजेड बघत होतो," मीटरसाहेब म्हणाले. "खिडकीतून तुझ्या चेहऱ्यावर फार सुंदर उजेड आला होता. तो जाईल म्हणून घाई होती."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून जास्त लागलं. बाईंनी ताट मांडणीत ठेवलं. "मी नाही सांगणार. मी सांगितलेलं चालत नाही ना तुमच्यात? बायको म्हणजे हितसंबंध. ऐकलं असेल तर लिहा, नसेल तर तसं लिहा."

मीटरसाहेबांना कुठल्याही गाण्याचं नाव ठोकून देता आलं असतं. दक्षप्रहरी काय, तपासायला थोडेच घरी येणार होते? पण ज्याने आयुष्यात एका मीटरचा आकडा अंदाजे लिहिला नाही, त्याच्याने हे होईना. ते पडद्यासमोर बसले आणि त्यांनी लिहिलं, ‘कोणतं गाणं ते मला सांगता येत नाही. मी ऐकत नव्हतो. ती गात होती आणि मी ऐकत नव्हतो, म्हणून मला ती जांभई दिसली. माझ्याकडे संदर्भ नाही. तरी ती गात होती.’ आणि त्यांनी फोटो काढून टाकला.

फोटो परत आला. त्यांनी परत काढला. परत आला, परत काढला. शेजाऱ्याने आपल्या अंगणात लोटलेला कचरा परत त्याच्याच अंगणात लोटावा तसा तो खेळ दुपारभर चालला. संध्याकाळी लोककोशाच्या व्यवस्थापकांनी मीटरसाहेबांना कायमचं हद्दपार केलं. कारण दिलं होतं, ‘संदर्भाशिवाय वारंवार खाडाखोड.’ आणि चर्चा मिटवताना दक्षप्रहरींनी शेवटचा शेरा मारला, ‘गाणं ऐकलं नसल्याचं खुद्द छायाचित्रकाराने मान्य केलं आहे. जांभई कायम.’

"मला काढलं," मीटरसाहेब बाईंना म्हणाले. दुसऱ्यांदा निवृत्त झाले होते बिचारे, आणि ह्या वेळी केकही नव्हता. बाईंचा राग पुरता गेला नव्हता, पण हा माणूस कशाला मुकला ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांनी न विचारता चहा टाकला आणि त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

मेळाव्याची पत्रिका आली. ‘समूहगान’ नव्हतं. त्या जागी होतं, ‘बाईंची सुप्रसिद्ध जांभई (प्रत्यक्ष).’ जाऊ नये, असं बाईंना शंभरदा वाटलं. पण न जावं तर लोक म्हणणार, झोपल्या असतील. त्या गेल्या.

रंगमंचाच्या मधोमध एक गादी मांडली होती, आणि तिच्याभोवती एवढा उजेड होता की गादीचंच लग्न आहे असं वाटावं. बाई गादीवर बसल्या नाहीत. तिला वळसा घालून त्या पुढे आल्या, त्यांनी डोळे मिटले, उजवा हात तोंडाशी नेला आणि सूर लावला. पहिल्या रांगेने जांभई दिली. ती मागच्या रांगेत गेली, तिथून सज्जात गेली, मग लोकांना आपल्याच जांभईचं हसू आलं, मग टाळ्या, शिट्ट्या, फोन वर. सल्लागार आनंदाने स्टेजच्या कडेला उड्या मारत होता. त्या कल्लोळात बाई गात राहिल्या, मधे कुठेही थांबल्या नाहीत.

तिसऱ्या रांगेत मीटरसाहेब बसले होते. कॅमेरा आणलेला नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. ते पुढे वाकले, कानामागे तळवा धरला, आणि गलक्यातून एकेक शब्द वेचू लागले.

‘आता कुठली घाई रे, बस ना जरा जवळ. दारं मोजून झाली सगळी, घर राहिलं केवळ.’

दारोदार मीटर मोजत फिरलेल्या माणसासाठी बाईंनी ते स्वतः रचलं होतं, त्याच्या निरोपाच्या दिवसासाठी. एरवी जन्मभर अहो-जाहो केलं. त्या गाण्यात तेवढं अरे-तुरे होतं. भर समारंभात, सगळ्या खात्यासमोर, त्यांनी ते त्यालाच उद्देशून म्हटलं होतं, आणि तो उजेड बघत होता. तिसऱ्या रांगेत मीटरसाहेबांचे डोळे भरून आले. शेजारच्या गृहस्थांनी दिलासा दिला, "जांभई दिली की माझ्याही डोळ्यांत पाणी येतं."

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा होता, ‘बाईंच्या जांभईला श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.’ दुपारपर्यंत तो लोककोशात संदर्भ म्हणून लागला, आणि लेखात एका वाक्याची भर पडली, ‘ह्या महिला जाहीर कार्यक्रमांतूनही जांभई देतात.’ गाद्या धडाधड खपल्या. बाईंच्या दारात कडेवर पोरं घेतलेल्या आयांची रांग लागली, कारण पोरं झोपत नव्हती आणि बाई महिन्याला काय घेतात ते त्यांना विचारायचं होतं. सल्लागाराने तर ‘जांभई वर्गा’ची पाटीही रंगवून पाठवली. बाईंनी ती उलटी करून खिडकीच्या फटीला लावली. वारा बरा अडला.

गायनवर्गात चार-पाच मुली उरल्या होत्या. त्यांना घेऊनच बाई बसल्या. पेटीचा भाता हलवणार, एवढ्यात दारातून मीटरसाहेब आत आले, चपला नीट जोडून ठेवल्या आणि शेवटच्या रांगेत, मुलींच्या मागे, मांडी घालून बसले. मुली एकमेकींना कोपरं मारू लागल्या.

"काय हवंय?" बाईंनी विचारलं.

"शिकायचंय."

"ह्या वयात?"

"एक येतं मला," मीटरसाहेब म्हणाले. "मेळाव्यात ऐकलं. बरोबर आहे का तेवढं बघ."

आणि घसा खाकरून त्यांनी म्हणायला सुरुवात केली. आवाज फाटका, सूर तर कुठल्या कुठे. तोंड आ वासलेलं, डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. त्या अवताराचा कुणी फोटो काढला असता तर लोककोशात तो कुठल्या लेखाला लागला असता, देव जाणे. पण ‘आता कुठली घाई रे’पासून ‘घर राहिलं केवळ’पर्यंत शब्द एकही चुकला नव्हता. भर गोंगाटात एकदाच ऐकलेलं ते गाणं त्यांनी जसंच्या तसं घरी आणलं होतं.

बाईंनी पेटी पुढे ओढली. मग पदराने डोळे पुसले आणि मुलींना म्हणाल्या, "सूर माझा धरा. शब्द ह्यांच्या मागून म्हणा."